बाबूने निवडलेला माणूस : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयातले. गावाचे नाव देत नाही, माणसांचीही देत नाही. ज्या मुलाविषयी लिहिते आहे त्याला ‘बाबू’ म्हणते. गोव्यात दर दुसऱ्या घरात एक बाबू असतो. त्याचा, त्याच्या आईचा आणि यातल्या दोन्ही मोठ्या माणसांचा होकार घेतला आहे, आणि ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत. मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत सव्वीस वर्षे शिकवले. आता वाचनालयाची कार्यवाह आहे. मुले अजून मला ‘बाई’च म्हणतात.

पार्श्वभूमी

जून २०२२ मध्ये आम्ही शनिवारचा उपक्रम सुरू केला. दुपारी चार ते साडेपाच, वाचनालयाच्या ओसरीवर. सहा मुले आणि सहा मोठी माणसे. एका मुलाला एक मोठे माणूस, निदान एक वर्षासाठी. शहरात याला मेंटॉरिंग म्हणतात. आम्ही ‘मोठा सोबती’ म्हटले, कारण शिकवणी वर्ग काढायचा नव्हता. भेट उघड्यावर व्हायची, घरी नाही. खोलीत बसलेच तर दार उघडे. गोव्यात मुलांच्या संरक्षणासाठी २००३ पासून वेगळा बाल कायदा आहे. त्याचा धाक म्हणून हा नियम केला नव्हता, तो आम्हालाच योग्य वाटत होता.

याची गरज मला शाळेत असतानाच दिसत होती. सरकारी प्राथमिक शाळेत आमची मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीत गेली की बहुतेक ठिकाणी सगळे विषय एकदम इंग्रजीत येतात. अपूर्णांक म्हणजे काय हे ज्याला नीट कळलेले असते तोही ‘फ्रॅक्शन’पाशी अडखळतो. एरवी दोनेक वर्षांत मूल यातून सावरते. बाबूच्या पिढीला ती दोन वर्षे मिळालीच नाहीत. तो जून २०१९ मध्ये पाचवीत गेला, मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली, आणि सहावी व सातवीचा बराचसा काळ मोबाइलवर गेला. घरात एकच मोबाइल, तो बापाकडे.

बापाने २०१६ मध्ये, खाणी पुन्हा सुरू झाल्यावर, कर्ज काढून टिपर, म्हणजे खनिज वाहायचा ट्रक, घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द ठरवले आणि मार्चमध्ये काम थांबले. वर्षभर टिपर दारात उभा राहिला. २०१९ मध्ये तो विकला, कर्ज मात्र पूर्ण फिटले नाही. बाप आता दुसऱ्याच्या ट्रकवर चोर्ला घाटातून बेळगाव-हुबळी करतो आणि आठवड्यातून दोन रात्री घरी असतो. आई काजूच्या कारखान्यात. धाकटी बहीण तेव्हा तिसरीत होती. बाबूबरोबर यायची आणि वाचनालयाच्या पायरीवर त्याची वाट पाहत बसायची.

बाबूचा सोबती मी ठरवला. गणितात मुलगा कच्चा, म्हणून गणिताचे निवृत्त सर. त्यांचे घर त्याच्या वाड्यापासून पाच मिनिटांवर. हे जमवायला मला दहा मिनिटेही लागली नाहीत.

सर आणि त्यांचे गुरुजी

सर ६५ वर्षांचे. त्यांच्या घराण्यातले अक्षर वाचणारे पहिले तेच. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा ते चार वर्षांचे होते. १९६३ च्या शेवटी भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या. शिकवायला माणसे कुठून आणायची? बरेच शिक्षक महाराष्ट्रातून आले. सरांच्या वाट्याला सावंतवाडीकडचे एक गुरुजी आले. देवळाच्या अग्रशाळेतल्या एका खोलीत ते राहायचे, स्वतः भात शिजवून खायचे. पहाटे मुलांना उठवून पावकी, निमकी, पाऊणकी म्हणून घ्यायचे. चुकले की छडी. सर सांगतात की गुरुजी नसते तर आपण आयुष्यभर दुसऱ्याची गुरे राखली असती.

उपक्रमासाठी विचारायला गेले तेव्हा सर एवढेच म्हणाले, “बाई, गुरुजींचे फेडायचे राहिले आहे.” त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही.

पहिले तीन महिने

सर एकही शनिवार चुकले नाहीत. चारच्या ठोक्याला ओसरीवर, हातात वही. आधी पाढे, मग अपूर्णांक, शेवटची पंधरा मिनिटे थोरामोठ्यांची गोष्ट. छडी नव्हती, पण आवाज छडीचाच होता. ती पहाटेची शाळा सरांच्या अंगात पुरती भिनली होती आणि तीच त्यांनी शनिवारी दुपारी पुन्हा मांडली.

जुलैतल्या एका शनिवारी मी शेजारच्या टेबलावर होते. सर रघुनाथ माशेलकरांची गोष्ट सांगत होते. आपल्या माशेलात १९४३ मध्ये जन्मलेला मुलगा, लहानपणीच वडील गेले, आई त्याला घेऊन मुंबईला गेली, बारा वर्षांचा होईपर्यंत पायात चप्पल नाही, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला आणि देशातला मोठा शास्त्रज्ञ झाला. बाबू बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “सर, त्या दिव्याला करंट कुठून यायचा? आमच्याकडे एक फेज गेला की अर्धा वाडा काळोखात जातो.”

सर म्हणाले, “विषय सोडून बोलू नकोस.”

हा या प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू. तो तेव्हा मलाही दिसला नाही. मलाही वाटले की मुलगा टाळाटाळ करतो आहे. त्याच माशेलकरांनी आपल्या भावे सरांची आठवण अनेकदा सांगितली आहे: वर्गातल्या मुलांना बाहेर उन्हात नेऊन भिंगाने कागद जाळून दाखवणारे सर. आम्ही बाबूला दिव्याखालचे कष्ट सांगितले आणि उन्हातले भिंग सांगायचे राहिले. त्याचा प्रश्न त्या भिंगाच्या जातीचा होता.

अडचण उघडी पडली

ऑगस्टच्या शेवटी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. त्या धामधुमीत बाबू ओळीने चार शनिवार आला नाही. चवथीत हे चालायचेच, म्हणून आम्ही सोडून दिले. चौथ्या शनिवारी त्याच्या आईचा फोन आला, “बाई, जरा बाबूला लवकर सोडाल? पाहुणे आलेत.” म्हणजे तो घरून दर शनिवारी वाचनालयाचे नाव सांगून निघत होता.

तो सापडला सार्वजनिक मंडपात, शिडीवर. कमरेला वायरचे वेटोळे, तोंडात टेस्टर. खाली दादा उभा.

हा दादा २६ वर्षांचा. नववीत शाळा सोडलेला, एका कंत्राटदाराच्या हाताखाली शिकलेला. नाक्यावर त्याचे दहा बाय आठचे दुकान आहे. पंखे, मिक्सर, विहिरीवरच्या पंपाची मोटर, जत्रेची रोषणाई, सगळे करतो. पण गावात त्याचे नाव आहे ते नरकासुरामुळे. दिवाळीच्या आदल्या रात्री गोव्यात वाड्यावाड्यांवर नरकासुराचे पुतळे उभे राहतात आणि पहाटे जाळतात. दादाचा नरकासुर हात हलवतो, मान फिरवतो, डोळे उघडमीट करतो. दहा ते पंधरा वर्षांच्या निम्म्या गावाचा तो देव होता. मोठ्या माणसांचे मत वेगळे होते: रात्रभर गाणी वाजवतो, पोरांना जागवतो, दारू पितो, शाळा बुडवलेला आहे.

बाबू पंधरा दिवसांतून एकदा तरी त्याच्याबरोबर कामावर जात होता आणि दादा त्याला शंभर-दोनशे रुपये देत होता. मुलगा १३ वर्षांचा होता. १४ वर्षांखालील मुलाला असे कामाला लावणे कायद्याने बंद आहे, आणि २३० व्होल्टला वय कळत नाही. आईला पैशांचे माहीत होते, शिडीचे नव्हते.

समोर असलेले पर्याय

सप्टेंबरात आम्ही बसलो. समितीचे तिघे, सर, मी आणि बाबूची आई. बाबूला बोलावले नाही. ही चूक होती आणि ती मी केली.

समितीतल्या दोघांचे मत होते की दादाकडे जाणे सरळ बंद करावे, आईने सक्त ताकीद द्यावी, दादालाही पंचायतीतून समज द्यावी. सोपा उपाय होता आणि सुरक्षिततेपुरता बरोबरही वाटत होता. पण नाका वाचनालयाच्या वाटेवरच आहे. तिथून जाणाऱ्या मुलाला किती दिवस अडवणार? आणि बंदीने दादा त्याला आणखी मोठा वाटला असता.

दुसरा पर्याय सोबती बदलण्याचा. सर स्वतःच म्हणाले, “मला जमले नाही. दुसरे कोणी तरुण बघा.” तिसरा होता बाबूला उपक्रमातून मोकळे करण्याचा, कारण त्याच्या जागेसाठी दोन मुले थांबलेली होती.

या दोन्हींना मी विरोध केला. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांचा २००२ चा अमेरिकेतला अभ्यास मी उपक्रमाच्या तयारीत वाचला होता. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या सोबतीने मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला होता, आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या सोबतीने मुलांचा स्वतःविषयीचा भरवसा उलट घटला होता. आमचे नेमके तीन महिने झाले होते. ज्याच्या घरातला टिपर गेला, ज्याचा बाप आठवड्यातले पाच दिवस दिसत नाही, त्या मुलाला आणखी एक माणूस सोडून गेला असे मला होऊ द्यायचे नव्हते.

चौथा पर्याय आईने मांडला. ती तासभर काही बोलली नव्हती. उठता उठता म्हणाली, “तो घरी सगळे दादाचेच सांगतो. दादाने असे केले, दादा तसे म्हणाला. तुम्ही दादालाच का विचारत नाही?”

समितीतल्या एकांनी मान हलवली, नको म्हणून. मी म्हटले, मी जाऊन येते.

दादाने दिलेला नकार

दुकानात दादा एका पंख्याच्या मोटरचे वायंडिंग करत होता. स्टूल पुसून दिले, चहा मागवला. शिडीचा विषय काढला तेव्हा खाली मान घालून ऐकले आणि म्हणाला, “चुकलेच, बाई. तो ऐकत नाही हे खरे, पण मीच चढू द्यायला नको होते.” मग मी म्हटले, शनिवारी वाचनालयात ये, सरांबरोबर बस, बाबूला तुझे ऐकायचे असते.

त्याचा हात थांबला. “त्या सरांसमोर मी बसणार नाही, बाई.”

बऱ्याच वेळाने त्याने सांगितले. नववीत असताना गणिताच्या तासाला सर त्याला सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, “तुझ्या हातून काही होणार नाही.” तो पुढच्या सोमवारपासून शाळेत गेला नाही. घरची कारणेही होती, हे त्यानेच प्रामाणिकपणे सांगितले. पण वाक्य तेवढे लक्षात राहिले. दुकानाची पाटी रंगवून आणली त्या दिवशीही तेच आठवले होते, म्हणाला.

परत येताना माझे पाय जड झाले होते. सव्वीस वर्षांत मी अशी किती वाक्ये बोलले असेन?

दुसरा निर्णयबिंदू : सरांना सांगायचे की नाही

दोन दिवस विचार केला. सर मनाने हळवे, रक्तदाबाचा त्रास. पण लपवून पुढे जाणे म्हणजे दादाच्या सोसण्याला काही किंमत नाही असे ठरवणे. शेवटी सरांच्या घरी गेले आणि सांगितले. सर बराच वेळ अंगणातल्या तुळशीकडे बघत राहिले. “मला आठवत नाही,” एवढेच म्हणाले.

मी उठणार होते, पण मनात असलेला प्रश्न विचारून टाकला. “सर, गुरुजी तुम्हाला पहिल्यांदा भेटले कुठे?”

मला वाटले होते, शाळेत म्हणतील. ते म्हणाले, “व्हाळावर.” सहा वर्षांचे सर तिथे, ओढ्यावर, गुरे घेऊन होते आणि मासे धरायला बांबूचा सापळा लावत होते. गुरुजी धोतर खोचून पाण्यात उतरले आणि सापळा कसा लावायचा ते त्या पोराकडून शिकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. आठ-दहा दिवस आले. शाळेचे नावही काढले नाही. मग एके दिवशी म्हणाले, आता तू माझ्या खोलीवर ये, माझ्याकडेही एक सापळा आहे, आकड्यांचा.

“हे मला कधी सांगितले नव्हते,” मी म्हटले.

सर म्हणाले, “विसरलो नव्हतो. पण ते शिकवण्यात मोजत नव्हतो.”

आपण आपल्या गुरूंचे जे उचलतो ते बहुधा डोळ्यांत भरणारे असते: आवाज, शिस्त, बसण्याची पद्धत. त्यांनी आपल्यासाठी कुठे वाट वाकडी केली ते आपल्याला ऋण म्हणून आठवते, काम म्हणून आठवत नाही. सर फेडायला निघाले होते ते छडीच्या बाजूने. गुरुजी पाण्यात उतरले होते.

दोन दिवसांनी सर मला घेऊन नाक्यावर गेले. दादा उठून उभा राहिला, तेवढी रीत त्याच्यात होती. सर म्हणाले, “मला ते आठवत नाही. पण तू सांगतोस म्हणजे मी बोललो असणार. चुकलो.” दादा काही बोलला नाही. सर दुकानाच्या फळीवर बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “नरकासुराचा हात किती हळू फिरायला लागतो?”

काय केले

दादा वाचनालयात आला नाही. कधीच आला नाही. उलट सर दुकानात जाऊ लागले. महिन्यातले दोन शनिवार ओसरीवर आणि दोन दुकानाच्या फळीवर, रस्त्याच्या समोर, सगळ्यांना दिसेल असे. समितीला हे पसंत नव्हते. एकांनी दोन महिने माझ्याशी बोलणे टाकले.

आधी अटी ठरल्या आणि या वेळी बाबू समोर होता. शिडी बंद. २३० व्होल्टच्या कशालाही हात नाही, १२ व्होल्टच्या बॅटरीवरचे काम चालेल. पैसे बंद, कारण पैसे आले की ते काम होते. रात्री नऊनंतर घरी, नरकासुराची रात्र सोडून, आणि त्या रात्री आई किंवा सर तिथे असतील. पैसे बंद होणार म्हटल्यावर बाबूचा चेहरा उतरला. तो त्यातले निम्मे आईला देत होता हे तिथे कळले. दादा म्हणाला, “काकीला मी बघून घेतो,” आणि आई म्हणाली, “काही बघू नकोस, मी आहे.” हा प्रश्न आम्ही नीट सोडवला नाही.

मग नरकासुर. हाताला ट्रकच्या वायपरची जुनी मोटर लावायची होती, भंगारातून आणलेली. खडूची खूण करून बाबूने घड्याळ लावून मोजले: मिनिटाला साधारण ५० फेरे. एवढ्या वेगाने हात फिरला तर बांबूचा सांगाडा हलतो, दादाला ते अनुभवाने ठाऊक होते. तो दरवर्षी अंदाजाने चक्रे बदलून बघायचा. सरांनी सायकल मागवली. आपल्या साध्या सायकलीला पुढे ४४ दात्यांचे चाक असते आणि मागे १८ चे. मोटरला १८ चे आणि हाताला ४४ चे लावले तर? ५० गुणिले १८ भागिले ४४. बाबूने वीस मिनिटे घेतली. वहीत तीनदा खोडले. उत्तर आले वीस-साडेवीस.

दादा म्हणाला, अजून जास्तच आहे. मग तीच जोडी पुन्हा एकदा लावायची? म्हणजे १८ छेद ४४ ला पुन्हा १८ छेद ४४ ने गुणायचे. अपूर्णांकाचा गुणाकार केल्यावर उत्तर लहान का होते, हे सर तीन महिने ओसरीवर सांगत होते. त्या दिवशी नाक्यावर बाबूच बोलला, “सर, सहावा हिस्सा होतो. आठच फेरे.” दादाने साखळी चढवली, बॅटरी जोडली आणि हात सावकाश वर गेला. तिघांनीही फेरे मोजले. सर मोठ्याने मोजत होते.

बाबूची बहीण समोरच्या गडग्यावर बसून हे बघत होती.

यातून एकदम सगळे बदलले असे नाही. सहामाहीत बाबूला गणितात आधीपेक्षा थोडेच जास्त पडले. पण तो शनिवार चुकवेना. आणि दादाने एक काम केले जे आम्हा कोणालाच जमले नसते. बाबू म्हणाला की मीही नववीत सोडून तुझ्यासारखा होईन, तेव्हा त्याने त्याला सोबत नेऊन आयटीआयच्या प्रवेशाचा तक्ता दाखवला. वायरमनला आठवी चालते. इलेक्ट्रिशियनला दहावी लागते, तीही गणित आणि विज्ञानासह. “मी आजही दुसऱ्याच्या लायसनवर काम करतो,” दादा त्याला म्हणाला. सरांनी हे शंभर वेळा सांगितले असते तरी ते सरांचेच झाले असते.

दादा गेला

जुलै २०२३ मध्ये दादाला आखातात काम मिळाले. व्हिसा अचानक आला, बुधवारी कळले आणि शुक्रवारी तो गेला. बाबूला त्याने दाबोळीच्या विमानतळावरून फोन केला. दुकानाचे शटर खाली.

बाबू पाच शनिवार आला नाही. आमच्या कागदावर यासाठी काहीच नव्हते. माणूस बोलावताना आम्ही बारीकसारीक अटी लिहिल्या, तो निघून जाईल तेव्हाचा विचार केला नाही. गोव्यात राहून हे सुचू नये याचे मला आजही वाईट वाटते. इथे घराघरातले कोणी ना कोणी बोटीवर, आखातात किंवा विलायतेत असते.

सर दर शनिवारी चार वाजता बाबूच्या दारात जाऊन बसले. आत बोलावले तर आत, नाही तर पायरीवर. पहिल्या दोन वेळा बाबू बाहेर आलाच नाही. तिसऱ्या वेळी आला आणि सरांसमोर बंद पडलेला टेबल फॅन ठेवला. सरांना त्यातले काही कळत नव्हते. बाबूने त्यांना दाखवले की कपॅसिटर कुठे असतो. सर शिकले. गुरुजींचा सापळा त्यांना तेव्हा आठवला का, हे मी विचारले नाही.

पुढे दादाचा फोन शुक्रवारी येऊ लागला. तिकडे सुटीचा वार. कधी पाच मिनिटे, कधी येतच नसे.

निष्पत्ती

मार्च २०२५ मध्ये बाबूने दहावीची परीक्षा दिली. गणितात ६१, विज्ञानात ५८, इंग्रजीत अगदी काठावर. आयटीआयला इलेक्ट्रिशियनला प्रवेश मिळाला, दोन वर्षांचा अभ्यासक्रम. पहाटेच्या बसने जातो.

हे आमच्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही. त्याच्या आईने या तीन वर्षांत कारखान्यातली एकही पाळी चुकवली नाही, आणि शाळेतल्या विज्ञानाच्या एका शिक्षिकेने त्याच्यावर खूप मेहनत घेतली. सहा जोड्यांपैकी दोन वर्षाच्या आत तुटल्या. त्यातल्या एका मुलीची आठवण आली की मला झोप येत नाही, पण ते वेगळे प्रकरण आहे.

दादा आणि सर मित्र झाले नाहीत. दादा सुटीवर आला तेव्हा सरांच्या घरी खजूर ठेवून गेला. सर घरी नव्हते.

पुन्हा करायचे झाले तर

सर्वांत आधी, जोडी लावण्यापूर्वी मुलाशी बोलेन. मुलाला कशाची कमतरता आहे ते पाहून मी माणूस निवडला. त्याचे पाय कुठे वळतात ते पाहिले नाही. ‘तुझा आदर्श कोण’ असे विचारून उपयोग होत नाही, मुले निबंधातले नाव सांगतात. आता आम्ही विचारतो, गेल्या आठवड्यात तू कोणाच्या मागे मागे फिरलास? उत्तरात जे नाव येते ते मोठ्यांना आवडेलच असे नाही. तरी त्या माणसाला आधी जाऊन भेटायचे.

शिडीवर चढलेल्या मुलाला दादापासून तोडले नाही याविषयी मला आजही कोणी ना कोणी विचारते. अपघात झाला असता तर? प्रश्न रास्त आहे. मी अटींवर विसंबले आणि त्या पाळल्या गेल्या. पण चवथीआधी तीन महिने मुलगा कुठे असतो हे आम्हाला माहीत नव्हते, तेव्हाचा धोका आम्ही निस्तरला नव्हता, तो नशिबाने टळला. आता मूल एक शनिवार आले नाही की त्याच संध्याकाळी घरी फोन जातो.

मोठ्या माणसांनाही आता एक प्रश्न विचारतो: तुम्हाला ज्यांनी घडवले ते तुम्हाला पहिल्यांदा कुठे भेटले, आणि त्या दिवशी ते काय करत होते? पहिल्या बैठकीत तासभर त्यावरच जातो. याशिवाय आणखी एक प्रश्न असावा असे सरांचे म्हणणे आहे: तुमच्या हातून कोण दुखावले गेले? तो मी अजून कोणाला विचारलेला नाही. धीर होत नाही.

पैशांचे काय करायचे ते आजही ठरलेले नाही. मुलाची छोटी कमाई आम्ही कायद्यावर बोट ठेवून थांबवली आणि घरात दुसरे काही दिले नाही. पुढच्या वेळी आधी आईशी बोलून, निदान वह्या-पुस्तके आणि बसभाडे वाचनालयाने उचलावे असे मी समितीपुढे ठेवले आहे.

आणि पायरीवरची ती मुलगी. तीन वर्षे ती तिथे बसली. आम्ही तिला गोष्टीचे पुस्तक दिले, बिस्किटे दिली, आणि तिला ‘बाबूची बहीण’ म्हटले. आता ती सहावीत आहे, इंग्रजीत तशीच अडखळते आहे. गेल्या शनिवारी तिला आत बोलावून तोच प्रश्न विचारला. तिने लगेच सांगितले: आईच्या काजू कारखान्यातल्या मावशी, ज्या बायकांच्या हजेरीचे आणि वजनाचे सगळे हिशेब तोंडी करतात. त्या किती शिकल्या आहेत ते तिला माहीत नव्हते. शनिवारी त्यांची पाळी दोनला सुटते. मी पावणेदोनला फाटकावर जाणार आहे.